कळा सुरू झाल्या : टॅक्सी बोलवावी की रुग्णवाहिका?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या लेकी-सुनांच्या बाळंतपणाची हकीकत ऐकताना येथील वडीलधाऱ्या मंडळींना एका गोष्टीचे फार आश्चर्य वाटते. रात्री कळा सुरू झाल्या, जावयाने टॅक्सी बोलावली आणि दोघे टॅक्सीत बसून इस्पितळात गेले. एवढा पुढारलेला देश, उपचार फुकट, रुग्णवाहिकाही फुकट, आणि तरी दिवस भरलेली बाई भाड्याच्या गाडीतून का गेली? हयगय जावयाने केली की सरकारने? असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. म्हणून आज आम्ही वेल्सची राजधानी कार्डिफ हे शहर समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

१९६० आणि १९७० च्या दशकांत आपल्या बेटावरील पुष्कळ तरुण-तरुणी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी ब्रिटनच्या इस्पितळांत गेल्या. त्यांची मुले-नातवंडे आज त्या देशाच्या निरनिराळ्या शहरांत संसार करीत आहेत. त्यांपैकी कार्डिफ निवडण्याचे कारण असे की, १९९९ पासून वेल्सचा आरोग्य कारभार तेथील स्वतःच्या सरकारकडे आहे, सबंध वेल्ससाठी रुग्णवाहिकांची एकच संस्था आहे, आणि तिच्या कामाचे आकडे नियमित प्रसिद्ध होतात. त्यामुळे नियम काय आहे आणि प्रत्यक्षात काय घडते हे दोन्ही तेथे तपासून पाहता येते.

नियम काय आहे?

कार्डिफमधील गर्भवती स्त्रीला तिची सुईण आधीच सांगून ठेवते की, कळा सुरू झाल्या म्हणजे प्रथम प्रसूती विभागाला दूरध्वनी करावा. शहरातील मोठा प्रसूती विभाग हीथ भागातील युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ऑफ वेल्स येथे आहे. दूरध्वनीवर सुईण विचारते : कळा किती मिनिटांनी येतात, किती वेळ टिकतात, पाणी गेले आहे काय, बाळ हलते आहे काय, रक्त जाते आहे काय? सर्व ठीक असेल तर ती थोडा वेळ घरीच थांबा म्हणते, किंवा या म्हणते. यायचे ते स्वतःच्या गाडीने, नातलगाच्या गाडीने किंवा टॅक्सीने. कळा येणाऱ्या बाईने स्वतः गाडी चालवायची नाही.

यामागे हिशेब आहे. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनाप्रमाणे पहिलटकरणीची खरी प्रसूतिक्रिया सरासरी ८ तास चालते आणि १८ तासांपलीकडे सहसा जात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती सरासरी ५ तासांची असते. म्हणजे सामान्य बाळंतपणात इस्पितळात पोहोचायला वेळ असतो. पहिल्या खेपेस कळा दर ५ मिनिटांनी येऊ लागल्या व एकेक कळ मिनिटभर टिकू लागली म्हणजे दूरध्वनी करावा, असे तेथे सर्वसाधारणपणे सांगतात. बाळंतपण हा आजार नाही, ही त्या व्यवस्थेची पहिली समजूत आहे. दुसरी समजूत अशी की, रुग्णवाहिका म्हणजे फुकटची टॅक्सी नव्हे. एक रुग्णवाहिका निरोगी गर्भवतीला तीन मैलांवर सोडण्यात गुंतली, तर त्याच वेळी पलीकडच्या गल्लीत हृदय बंद पडलेल्या माणसाकडे जायला ती मोकळी नसते.

तेव्हा टॅक्सीने जाणारा जावई हयगय करीत नसतो. सांगितलेले पाळत असतो. आपल्यापैकी ज्यांना यात कंजूषपणा दिसतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र या नियमाला दोन बाजू आहेत. ज्या बाईला धोका नाही तिने टॅक्सीने यावे, ही एक बाजू. जिला धोका आहे तिच्याकडे रुग्णवाहिका हमखास आणि लवकर येईल, ही दुसरी. पहिली बाजू लोक पाळतात ती दुसरीच्या भरवशावर. हा भरवसा गेल्या काही वर्षांत डळमळला आहे, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथे आहे.

प्रसूती घरातून इस्पितळात गेली

पूर्वी हा प्रवासाचा प्रश्न नव्हताच. सुईण घरी येत असे. १९६० च्या सुमारास इंग्लंड व वेल्समध्ये दर तीन बाळांतले एक बाळ घरीच जन्मत होते. घरी काही बिघडले तर डॉक्टर, सुईण आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन एक फिरते पथक रुग्णवाहिकेतून त्या घरी धावत असे. १९३० च्या दशकात स्कॉटलंडमधील बेल्सहिल आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे अशी पथके प्रथम निघाली आणि नंतर ब्रिटनभर पसरली. म्हणजे त्या काळी बाई इस्पितळाकडे जात नव्हती, इस्पितळच बाईकडे येत होते.

१९७० साली पील समितीने प्रत्येक स्त्रीला इस्पितळात प्रसूत होण्याची सोय असावी अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, हीथचे मोठे इस्पितळ सुरू झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरी जन्मणारी बाळे शंभरात एकावर आली होती. घरची सुईण गेली, फिरती पथकेही गेली, आणि कळा येत असताना रस्त्यावरून प्रवास करणे हा जवळजवळ प्रत्येक बाळंतपणाचा भाग झाला.

येथे कार्डिफच्याच एका मोठ्या माणसाची आठवण होते. डॉ. आर्ची कॉक्रन यांनी आपल्या आयुष्यातील महत्त्वाचे काम कार्डिफ आणि दक्षिण वेल्समध्ये केले. कोणताही उपचार रूढीने चालू ठेवू नये, त्याचा उपयोग होतो की नाही हे पद्धतशीर तपासून पाहावे, हे त्यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात मांडले. १९७९ साली, वैद्यकाच्या सर्व शाखांत पुराव्याकडे सर्वांत कमी लक्ष देणारी शाखा म्हणून त्यांनी प्रसूतिशास्त्राला लाकडी चमच्याचे, म्हणजे शेवटच्या क्रमांकाचे, उपहासाचे बक्षीस दिले होते. बाळंतपणात घाई आणि गाजावाजा म्हणजेच सुरक्षितता, असे धरून चालू नये, हा विचार आज तेथे रुजला आहे त्यात अशा माणसांचा वाटा आहे.

प्रवास आता लांबतही चालला आहे. तज्ज्ञ डॉक्टर चोवीस तास हजर ठेवायचे तर लहान लहान प्रसूती विभाग परवडत नाहीत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे असते. मार्च २०१९ मध्ये कार्डिफच्या वायव्येकडील लान्ट्रिसंट येथील रॉयल ग्लॅमॉर्गन इस्पितळातील तज्ज्ञ डॉक्टरांचा प्रसूती विभाग उचलून मर्थर टिडफिलच्या इस्पितळात नेण्यात आला. नोव्हेंबर २०२० मध्ये कुमब्रान येथे ग्रेंज हे नवे मोठे इस्पितळ उघडले आणि न्यूपोर्टच्या रॉयल ग्वेंटमधील तसा विभाग तिकडे गेला. या निर्णयांना वैद्यकीय कारणे आहेत, ती आम्ही नाकारीत नाही. पण विभाग हलविताना त्या कुटुंबांचा रस्ता किती वाढला आणि टॅक्सीचे भाडे कोण देणार, हा हिशेब कुटुंबाच्याच पदरात पडतो. वेल्सने २००८ साली बहुतेक इस्पितळांतील गाड्या लावण्याचे शुल्क बंद केले. हीथमध्ये खाजगी करारामुळे ते २०१८ पर्यंत चालू राहिले. गाडीवाल्यांना निदान एवढा दिलासा मिळाला. ज्याच्या घरी गाडीच नाही त्याच्यासाठी बाळंतपणाच्या रात्री टॅक्सीखेरीज दुसरे काय आहे?

रुग्णवाहिका कोठे अडकते?

आता दुसरी बाजू पाहू. ऑक्टोबर २०१५ मध्ये वेल्सने रुग्णवाहिकांसाठी नवी पद्धत आणली. प्राणावर बेतलेले प्रसंग 'लाल' वर्गात घालायचे आणि त्यांतील शंभरापैकी निदान ६५ ठिकाणी ८ मिनिटांत पोहोचायचे, असे उद्दिष्ट ठरले. प्रारंभीची काही वर्षे ते बरेचसे साधले. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र शंभरापैकी ३९.५ ठिकाणीच ८ मिनिटांत पोहोचता आले. त्याच महिन्याच्या २१ तारखेला रुग्णवाहिकांचे कर्मचारी वेतनासाठी संपावर गेले होते, पण दोष केवळ त्या एका दिवसाचा नव्हता. ३० डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी तर वेल्सच्या रुग्णवाहिका संस्थेला 'गंभीर आणीबाणीची स्थिती' जाहीर करावी लागली. त्या वेळी ३४० हून अधिक दूरध्वनी उत्तराची वाट पाहत होते, आणि संस्थेच्या निम्म्याहून अधिक गाड्या इस्पितळांच्या दारांत रुग्ण उतरवून घेण्याची वाट पाहत उभ्या होत्या.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा वाचावे. गाड्या नव्हत्या असे नाही. गाड्या होत्या, माणसे होती, पण ती इस्पितळाच्या आवारात अडकून पडली होती. आलेला रुग्ण १५ मिनिटांत आत घ्यावा असे अपेक्षित असते. पण आत खाट मोकळी नसते. खाट मोकळी नसते, कारण बरे झालेले वृद्ध रुग्ण घरी जाऊ शकत नाहीत. ते जाऊ शकत नाहीत, कारण घरी त्यांची देखभाल करणाऱ्या मदतनिसांची सोय झालेली नसते. अशा रीतीने एका म्हाताऱ्या बाईला घरी पाहणारे कोणी नाही म्हणून दुसऱ्या टोकाला एका गर्भवतीच्या दारात रुग्णवाहिका वेळेवर येत नाही. या दोन गोष्टींचा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

१ जुलै २०२५ पासून वेल्सने पुन्हा पद्धत बदलली. हृदय वा श्वास बंद पडलेल्यांसाठी 'जांभळा' वर्ग निघाला, आणि मोठी दुखापत, मोठा रक्तस्राव अशा प्रसंगांसाठी 'लाल' वर्ग राहिला. केवळ ८ मिनिटांचे घड्याळ न पाहता किती जणांचे हृदय पुन्हा सुरू झाले हे मोजायचे, असा विचार त्यामागे आहे. विचार चांगला आहे. पण मोजण्याची पद्धत बदलल्याने इस्पितळाच्या दारातली रांग आपोआप कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

याचा लोकांच्या मनावर काय परिणाम होतो? रुग्णवाहिका तास-तास येत नाही अशा बातम्या रोज वाचल्यावर माणूस मनाशी ठरवतो की, तिच्या नादी न लागता टॅक्सीच बोलवावी. साध्या बाळंतपणात त्याने काही बिघडत नाही. पण रक्त जात असताना, महिने भरलेले नसताना, बाळ बाहेर येऊ लागलेले असतानाही तो हाच निर्णय घेऊ लागला तर टॅक्सी ही निवड राहत नाही, ती नाइलाज होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा तीच टॅक्सी दिसते.

टॅक्सीवाल्याची बाजू

कार्डिफच्या रस्त्यावरच्या परवानाधारक टॅक्सी ओळखायला सोप्या आहेत : गाडी काळी आणि पुढचे बॉनेट पांढरे. त्या चालविणाऱ्यांत आशियाई आणि आफ्रिकी वंशाचे पुष्कळ लोक आहेत. कळा येणारी बाई गाडीत बसली तर चालकाच्या मनात काय येत असेल याचाही विचार करावा. त्याला सुईणपणाचे शिक्षण नाही. गाडीत पाणी गेले, रक्त सांडले, तर त्या रात्रीचा धंदा बुडाला. वाटेत काही झाले तर दोष आपल्यावर येईल, ही भीती वेगळीच.

कायदा मात्र बऱ्याच अंशी बाईच्या बाजूने आहे. १८४७ च्या जुन्या शहर-पोलीस कायद्याप्रमाणे रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याला योग्य कारणाशिवाय आपल्या हद्दीतले भाडे नाकारता येत नाही. आणि २०१० च्या समता कायद्याप्रमाणे केवळ गर्भवती आहे म्हणून एखाद्या स्त्रीला सेवा नाकारणे हा भेदभाव ठरतो. तरी रात्री दोन वाजता कायद्याचे कलम सांगून गाडी पुढे जात नाही. म्हणून टॅक्सी बोलावतानाच, बाईला कळा येत आहेत व कोणत्या इस्पितळात जायचे आहे, हे स्पष्ट सांगावे. मागच्या आसनावर जाड टॉवेल अंथरावा. सुरक्षेचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवर येईल असा बांधावा. चालकाला घाई करायला लावू नये. सिग्नल मोडून वाचलेली दोन मिनिटे कोणाच्या कामाची नाहीत.

अमेरिका आणि महाराष्ट्र

हाच प्रश्न इतर देशांत कसा दिसतो ते पाहिले म्हणजे कार्डिफची गोष्ट अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेत रुग्णवाहिका फुकट नाही. तिचे बिल शेकडो डॉलर, कधी हजाराच्याही वर जाते, आणि विमा असूनही त्यातला भाग रुग्णाच्या माथी येतो. तेथील डेव्हिड स्लस्की आणि डॉ. लिऑन मॉस्कॅटेल यांनी २०१७ साली केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या शहरांत उबरची टॅक्सी सुरू झाली तेथे रुग्णवाहिकेचा वापर निदान शंभरात ७ ने घटला. यात ज्यांना रुग्णवाहिकेची गरज नव्हती असे लोक असतील. बिलाच्या धास्तीने टॅक्सीत बसलेले लोकही असतील. आकडा हा फरक सांगत नाही.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात स्थिती आणखी निराळी आहे. भारत सरकारने २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी इस्पितळातील प्रसूती फुकट, आणि घरून इस्पितळात नेणे व परत घरी सोडणेही फुकट, असे वचन आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्राने १०८ या क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू केली. अनेक आयांचे आणि बाळांचे प्राण या गाड्यांनी वाचविले आहेत. पण गाडीला रस्ता लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एक आदिवासी स्त्री सातव्या महिन्यात घरीच प्रसूत झाली. जुळी बाळे दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या आईला रस्त्याअभावी झोळीत घालून डोंगरवाटेने चालत न्यावे लागले. तिच्यापुढे टॅक्सी की रुग्णवाहिका हा प्रश्नच नव्हता.

तीन ठिकाणी तीन कारणे आहेत. अमेरिकेत पैसा आड येतो, मोखाड्यात रस्ता आड येतो. कार्डिफमध्ये पैसाही आड येत नाही आणि रस्ताही नाही. तेथे आड येते ती इस्पितळाच्या दारातली रांग. म्हणून बिल माफ केले की झाले, किंवा गाड्या वाढविल्या की झाले, असे एकच उत्तर सगळीकडे लागू पडणार नाही.

सीमारेषा कोठे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टॅक्सी कोठपर्यंत योग्य आणि रुग्णवाहिका कोठून आवश्यक, ही सीमारेषा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. महिने भरलेले असून कळा नेमाने येत असतील, पाणी स्वच्छ गेले असेल, बाळ नेहमीसारखे हलत असेल, तर इस्पितळाला विचारून गाडीने वा टॅक्सीने जावे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी कळा आल्या, बाळाची हालचाल मंदावली, पाणी हिरवट वा रक्तमिश्रित गेले, तर एक क्षणही न दवडता प्रसूती विभागाला दूरध्वनी करावा आणि ते सांगतील तसे वागावे. खूप रक्त जाऊ लागले, नाळ बाहेर दिसू लागली, बाईला झटके आले, शुद्ध हरपली, किंवा बाळ आता येणारच असे वाटू लागले, तर टॅक्सीचा विचारही करू नये. ब्रिटनमध्ये ९९९ फिरवावा. तेथील माणूस गाडी येईपर्यंत दूरध्वनीवर राहतो आणि काय करायचे ते एकेक पायरी सांगतो. टॅक्सीवाला हे करू शकत नाही. रुग्णवाहिकेला उशीर होण्याची शक्यता असली तरी तो दूरध्वनी करण्यात मोठा फायदा आहे, तो या कारणाने.

यात आपल्या समाजाशी निगडित एक गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये मातांच्या मृत्यूंची जी राष्ट्रीय चौकशी होते तिच्यात २०१८ ते २०२० या काळात आशियाई वंशाच्या स्त्रियांचा मृत्युदर गोऱ्या स्त्रियांच्या १.८ पट आढळला. त्याची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व आपल्या हाती नाहीत. पण काही आहेत. आपल्या बायका दुखणे सोसण्यात भूषण मानतात. 'उगाच कोणाला त्रास नको' म्हणून गप्प बसतात. नवऱ्याला विचारून, सासूला विचारून, मग दूरध्वनी करू म्हणतात. तेथील सुईणीला दूरध्वनीवर जे ऐकू येते त्यावर ती निर्णय घेते. बाई सोसून हळू बोलली, किंवा तिच्या वतीने नवऱ्याने 'ठीक आहे' म्हटले, तर सुईणही ठीक आहे असेच समजणार. म्हणून दूरध्वनीवर शक्य तोवर बाईने स्वतः बोलावे, आणि जे होत आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्या मागावा. तो मागणे तिचा हक्क आहे.

आपल्या बेटावर

आपले बेट लहान, जेमतेम ६५ किलोमीटर लांबीचे. कांदोस, पांप्लेमूस, पोर्ट लुई, फ्लाक, रोझ बेल, यांपैकी एखादे मोठे सरकारी इस्पितळ कोणत्याही गावापासून फार दूर नाही, आणि तेथे पैसे पडत नाहीत. जीवघेण्या प्रसंगासाठी ११४ क्रमांकावर सामूची गाडी बोलावता येते. तरीही आपल्याकडे रात्री-अपरात्री शेजाऱ्याची मोटार, ओळखीची टॅक्सी, वेळ पडली तर 'टॅक्सी मारोन' सुद्धा, असा मार्ग घरोघर काढला जातो. यात शेजारधर्म आहे आणि तो टिकावा असेच आम्हांला वाटते. पण शेजाऱ्याची गाडी मिळाली म्हणजे सर्व तयारी झाली, असे मानू नये.

आम्ही शाळेत मुलांना आगीच्या वेळी कोणत्या दाराने बाहेर पडायचे ते आधी शिकवतो. आग लागल्यावर शिकवीत नाही. बाळंतपणाचेही तसेच आहे. सातवा महिना लागला की एका कागदावर इस्पितळाच्या प्रसूती विभागाचा क्रमांक, दोन गाडीवाल्यांचे क्रमांक आणि आणीबाणीचा क्रमांक लिहून तो भिंतीवर लावावा. मोठ्या मुलाला कोणाकडे ठेवायचे ते ठरवावे. धोक्याची लक्षणे घरातल्या पुरुषांनाही सांगावीत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस वेळ कमी मिळतो, तेव्हा 'मागच्या वेळी तर रात्रभर लागली' या हिशेबावर थांबू नये. आपल्या महिला मंडळांनी आणि बैठकांनी वर्षातून एक संध्याकाळ एखाद्या अनुभवी सुईणीला बोलावून यासाठी द्यावी, अशी आमची सूचना आहे.

आणि ब्रिटनमध्ये असलेल्या लेकी-सुनांना येथून दूरध्वनी कराल तेव्हा 'टॅक्सीने कशाला गेलीस?' असे रागावून विचारू नका. तिला विचारा की, प्रसूती विभागाचा क्रमांक जवळ आहे ना, आणि रक्त दिसले तर ९९९ फिरवायला संकोच करणार नाहीस ना? टॅक्सी वाईट नाही आणि रुग्णवाहिका प्रतिष्ठेची वस्तू नाही. सामान्य बाळंतपणाने टॅक्सीने जावे, म्हणजे अडलेल्या बाईला रुग्णवाहिका मिळेल. आणि अडलेल्या बाईला ती वेळेवर मिळाली नाही, तर त्याचा जाब मात्र सरकारला विचारला पाहिजे, मग ते सरकार कार्डिफचे असो, मुंबईचे असो वा पोर्ट लुईचे.